आधी उघडणारं दार उघडा

वाचकाचं पत्र:

नमस्कार. वडिलांनी घेतलेली 1987 सालची मारुती व्हॅन आमच्याकडे आहे. भुसार दुकानाचा माल आणायला ती गुहागर-चिपळूण अशी वर्षानुवर्षं पळाली. वडील गेल्यावर घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ-नऊ पावसाळे उभीच होती. आता ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. इंजिन सुरू झालंय, ब्रेकचं काम चालू आहे. गाडं अडलंय ते डाव्या बाजूच्या सरकत्या दारापाशी. बाहेरचं हँडल लुळं पडलंय, आतलं जेमतेम अर्धा इंच हलतं आणि अडकतं. उजव्या बाजूचं दार कुरकुरत का होईना, उघडतं. गॅरेजवाले म्हणतात, कटर लावून दार कापू, भंगारातलं दुसरं बसवू. पण त्या दारावर पेंटरने रंगवलेलं दुकानाचं नाव अजून शाबूत आहे. ते घालवायला मन होत नाही. काय करावं?
– गुहागर तालुक्यातून एक वाचक

उत्तर:

आधी तो कटर गॅरेजवाल्यांच्या हातातून काढून घ्या.

त्यांचं काही चुकलं असं नाही म्हणत मी. त्यांच्या दारात चार गाड्या उभ्या असतात आणि कामाचे पैसे तासावर सुटतात. रोज माल वाहणारी ओम्नी असती तर मीही म्हटलं असतं, कापा आणि मोकळे व्हा. पण तुमच्या गाडीत नेमकी तीच एक वस्तू दुसरीकडे मिळणार नाही, जी ते कापायला निघालेत. शिवाय सरकतं दार कापताना फक्त दार कापलं जात नाही. ब्लेड थोडं घसरलं तरी दारामागचा गाडीच्या सांगाड्याचा खांब किंवा दार ज्यात सरकतं ती बाहेरची रेल दुखावते आणि मग नवीन दारही सरळ चालत नाही. आणि बंद गाडीत, जुन्या पेट्रोलच्या वाफेशेजारी कटरच्या ठिणग्या उडवायच्या, हे तर कुणीच करू नये.

जुन्या गाडीच्या कामात एक हिशेब सतत डोक्यात ठेवावा: जे दुकानात मिळतं त्याचा बळी द्यायचा, जे मिळत नाही त्याला धक्का लावायचा नाही. मारुती व्हॅन 1984 मध्ये आली, 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 पर्यंत ती बनत राहिली. इतकी वर्षं इतक्या संख्येने बनलेल्या गाडीचे रोलर, लॉक, हँडल, रॉडच्या क्लिपा अजून सापडतात. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा जुन्या सामानाचा बाजार आहे, कोल्हापूरला उद्यमनगर आहे. तेव्हा तोडायची वेळ आलीच तर आधी क्लिप, मग रॉड, मग लॉक, मग रोलर. दाराचा पत्रा, रेल आणि खांब यांना हात लावायचा नाही. फक्त एक करा, सामान आणायला जाताना जुना भाग सोबत न्या. पस्तीस वर्षांत गाडीत बारीकसारीक बदल होत गेले आहेत, आणि ‘ओम्नीचंच आहे, बसेल’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबून गुहागरला परत येणं परवडत नाही.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ. उजवं दार उघडतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमचं अर्धं काम तिथेच झालंय. या गाडीला दोन्ही बाजूंना सरकती दारं आहेत आणि एक दार दुसऱ्याचा आरसा आहे. बंद दाराच्या आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून माणूस ताकद लावतो. तुम्हाला ते बघायची सोय आहे. म्हणून डाव्या दाराला हात लावण्याआधी उजवं दार उघडा, त्याचं आतलं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढा आणि निवांत बघत बसा. हँडलपासून लॉकपर्यंत रॉड कुठून जातात, लॉकचा आकडा कोणत्या कडेला आहे, तो खांबावरच्या कोणत्या खुंटीला पकडतो, लॉकचं बटण कोणत्या रॉडला ओढतं, सगळे फोटो काढा. रोलरच्या ब्रॅकेटचे बोल्ट कोणत्या बाजूने पाना घेतात तेही बघून ठेवा. हँडल ओढून कोणता रॉड कुठल्या दिशेला किती सरकतो, हे बोटाने अनुभवा. या सरकत्या दाराची काच खाली उतरत नाही, आडवी सरकते, त्यामुळे दाराच्या पोटात काच वर-खाली करणारी यंत्रणा नाही आणि हात घालायला बऱ्यापैकी जागा मिळते.

हे दार तीन ठिकाणी टांगलेलं असतं. पुढच्या वरच्या कोपऱ्यात एक रोलर, पुढच्या खालच्या कोपऱ्यात पायरीपाशी दुसरा, आणि मागच्या कडेला मधोमध तिसरा, जो गाडीच्या बाहेरून दिसणाऱ्या रेलमध्ये पळतो. लोकलचं दार सरळ रेषेत मागे जातं, तसं हे जात नाही. आधी ते बाहेर येतं आणि मग मागे सरकतं, कारण रेल पुढच्या टोकाला आत वळलेल्या असतात. अडकलेलं दार बहुतेक जण हँडलला धरून मागे खेचत बसतात. त्याने मागची कड खांबात आणखी रुतते. आणि दोरी बांधून दुसऱ्या गाडीने ओढायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तुमची दोन हँडलं दोन वेगळ्या गोष्टी सांगताहेत. बाहेरचं लुळं आहे, म्हणजे त्याचा रॉड सुटला असेल किंवा प्लास्टिकची क्लिप वाळून तुटली असेल. दार आतून लॉक झालेलं असेल तरीही बाहेरचं हँडल असं मोकळं फिरू शकतं, म्हणून सगळ्यात आधी लॉकचं बटण पूर्ण मोकळ्या बाजूला आहे ना ते बघा. गंजलेलं बटण अर्ध्यात थांबतं आणि वरून उघडं असल्यासारखं भासतं. आतलं हँडल अर्धा इंच हलून थांबतं, त्याचा अर्थ मात्र चांगला आहे. रॉड जोडलेला आहे आणि पलीकडे लॉक जाम आहे. लढाई लॉकशी आहे. बाहेरच्या हँडलचा नाद तूर्त सोडा, दार उघडल्यावर ते हाताशी येईलच.

पहिला प्रयत्न पाना न उचलता करायचा. दार बाहेर ओढायचं नाही, आत दाबायचं. बाहेर उभ्या माणसाने लॉक ज्या कडेला आहे तिथे तळहाताने दार खांबाकडे दाबून धरायचं, आणि त्याच वेळी आतल्याने हँडल ओढायचं. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या दारात सुकलेलं रबर दाराला बाहेर ढकलत असतं, त्यामुळे आकडा खुंटीवर ताणून बसतो आणि लॉकमधली खिटी, म्हणजे आकड्याला धरून ठेवणारा तुकडा, त्या ताणाखाली सुटत नाही. आत दाबलं की ताण जातो. कित्येक दारं एवढ्यावर सुटतात, आणि गॅरेजवाले जरा ओशाळतात.

नाहीच सुटलं, तर आतून पॅड काढा. दार बंद असतानाही ते निघतं, फक्त सीट काढून ठेवा म्हणजे कोपर मोकळं राहील. जुनी पॅडं दमटपणाने पापडासारखी झालेली असतात, तेव्हा मधे ओढू नका. पातळ पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घालून एकेक क्लिप उचला. स्क्रू असतील तर एक गोष्ट लक्षात घ्या. ही गाडी मुळात सुझुकीची, आणि जपानी फुलीच्या स्क्रूची खाच आपल्याकडच्या नेहमीच्या फुली स्क्रूड्रायव्हरपेक्षा किंचित वेगळी असते. साधा स्क्रूड्रायव्हर जोर दिला की वर उसळतो आणि खाच गोल करून ठेवतो. जपानी खाचेचं टोक मिळालं तर उत्तम. नाहीतर हातोडी मारून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, पण पत्र्यावरच्या स्क्रूला तो बेताने वापरा.

आत बघण्याआधी टॉर्च मारा आणि हातमोजे घाला. कोकणात आठ-नऊ पावसाळे उभी असलेली गाडी रिकामी कधीच नसते. उंदरांचं घरटं, विंचू, क्वचित आणखी लांब पाहुणा. आणि हमखास सापडणारी वस्ती म्हणजे कुंभारमाशीची. तिला बोटाएवढी पोकळी दिसली की ती मातीने लिंपते, मग ते चावीचं भोक असो, रेलचा वळलेला कोपरा असो की लॉकचं तोंड. ही माती वाळून विटेसारखी होते आणि तिच्यावर तेल मारलं तर नुसता चिखल होऊन आणखी आत जातो. मातीला पाणी, गंजाला तेल. आधी सिरिंजने पाणी सोडा, मऊ झालेली माती लाकडी काडीने किंवा बांबूच्या कामटीने कोरून काढा, पंपाने हवा मारून सुकवा, आणि मगच तेलाकडे वळा.

तेलाबद्दल लोक धर्मयुद्ध करतात. बाजारातलं कोणतंही बरं पेनेट्रेटिंग ऑइल चालेल. ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात अॅसिटोन मिसळून केलेलं घरगुती मिश्रण जाम बोल्टवर झकास काम करतं, पण तुमच्या दारावर मी ते वापरणार नाही, कारण अॅसिटोन पेंटरचा रंग चाटून नेईल, आणि बंद गाडीत ते भडकायला एक ठिणगी पुरते. रॉकेल मिळालं तर माती-ग्रीस धुवायला उत्तम, पण दाराच्या कडेच्या रबरी बीडिंगवर सांडू देऊ नका, रबर फुगतं. तेल कोणतं घेता त्यापेक्षा ते कुठे पडतं आणि त्याला किती वेळ देता हे महत्त्वाचं. दारावर बाहेरून फवारलेलं तेल फक्त फरशी ओली करतं. उजव्या दाराच्या फोटोंत बघा, आकडा ज्या पिनेवर फिरतो ती पिन आणि खिटी ज्या पिनेवर फिरते ती पिन, या दोन जागा तुम्हाला हव्यात. बारीक नळीने तिथे तेल सोडा, लॉकच्या पत्र्यावर छोट्या हातोडीने हलकेच टकटक करा म्हणजे कंपनाने तेल आत झिरपेल, आणि घरी जाऊन जेवा. सकाळी पुन्हा. दोन-तीन दिवस हे करायची तयारी ठेवा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणूनच फट बंद झालेली असते. तिथून तेलाला वाट काढायला वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्या दंडातल्या ताकदीने कमी होत नाही.

मग हँडल सोडून द्या आणि लॉकला थेट भिडा. लॉककडे जाणारा रॉड पकडीत धरा आणि ज्या दिशेने उजव्या दारातला रॉड हलला होता, त्याच्या आरशातल्या दिशेने हलवा. एकदम ओढू नका. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा तेल. अर्ध्या इंचाचा पाऊण इंच झाला की समजा जमतंय. रॉड वाकला तर वाकू दे, तो सरळ करता येतो, नवाही मिळतो. जोडीदाराने या सगळ्या वेळात दार आत दाबून धरायला विसरू नये. आणि गॅसची बत्ती मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. या गाडीची पेट्रोलची टाकी तळाखालीच आहे, दाराच्या पोटात जुना स्पंज आणि प्लास्टिकचा कागद आहे, आणि दुसऱ्या बाजूला तुमची अक्षरं आहेत. मागे कधी गॅसचं किट बसवलं असेल तर बोलायलाच नको.

खट् असा आवाज आला, रॉड पूर्ण फिरला आणि तरीही दार हललं नाही, तर घाबरू नका. लॉक सुटलंय. आता दार चिकटलंय ते बीडिंगला. त्यातून मधे कधी गाडी घाईत रंगवलेली असेल तर रंगाची साय फटीवर जमलेली असते. ती कागद कापायच्या कटरच्या धारदार पात्याने फटीच्या रेषेतच छेदा. रबर सोडवायला मासेमारीचा जाड तंगूस घ्या, तुमच्याकडे तो घरोघरी असेल. तो वरच्या कोपऱ्यातून फटीत घालून दोघांनी दोन टोकं धरून करवतीसारखा खाली आणा. आता आतल्याने रॉड ओढलेला ठेवून दाराची मागची कड दोन्ही हातांनी बाहेर ढकलायची, लाथेने नव्हे. बाहेरच्याने दार धरून ठेवायचं, कारण गंजलेला रोलर तुटला असेल तर दार अंगावर येऊ शकतं. बोटभर बाहेर आलं की थांबा, तिन्ही रेल बघा. पायरीपाशी असलेल्या खालच्या रेलमध्ये माती, वाळू आणि तुमच्या बाबतीत कदाचित तांदूळ-गव्हाचे दाणेही थिजलेल्या ग्रीसमध्ये बसलेले असतील. ते कोरून, रॉकेलने धुवून मगच दार मागे न्या. दार खाली बसलेलं वाटलं तर खालच्या कडेखाली लाकडी फळी आणि तिच्याखाली जॅक लावून फक्त त्याचा भार उचलून घ्या. त्याहून वर चढवू नका.

तीन-चार दिवस तेल पाजूनही लॉक हललंच नाही, तर कापायची वेळ आली. पण दार नाही, खांबावरची खुंटी. लॉकच्या बाजूचं बीडिंग थोडं दाबून हॅक्सॉचं सुटं पातं फटीतून आत जातं का बघा. पात्याच्या एका टोकाला चिंध्या गुंडाळून मूठ करा, दोन्ही बाजूंच्या पत्र्याला पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी आड लावा आणि हाताने कापा. काम कंटाळवाणं आहे आणि एक-दोन पाती मोडतील. खुंटी नवी मिळते. फट अगदीच अरुंद असेल तर आतून लॉकच्या स्क्रूंकडे जाता येतं का ते उजव्या दारावर तपासा. तिथे जागा असेल तर लॉकचंच बलिदान द्या. हे काम करायला शांत डोक्याचा डेंटर शोधा, आणि त्याला काम सुरू करण्याआधी उजवं दार दाखवा.

दार उघडलं की घरातले सगळे जमतील आणि कुणीतरी आनंदाने ते लावून बघेल. त्याला आधीच बजावून ठेवा. उघडलेलं दार लॉक दुरुस्त होईपर्यंत लावायचं नाही. मागे सरकवून दोरीने बांधून ठेवा. लॉक काढा, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासा, सुकवा, पिनांना तेल आणि घासणाऱ्या भागांना पांढरं लिथियम ग्रीस द्या. मग दार उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरचा दांडा खुंटी समजून आकड्यात घाला. आकडा बंद झाला पाहिजे आणि हँडल ओढताच सुटला पाहिजे, आतल्याने आणि बाहेरच्यानेही. न चुकता, लागोपाठ, तुम्हाला कंटाळा येईपर्यंत हे करून पाहा. मगच दार लावा.

रोलर बदलूनच टाका, जुने वाचवत बसू नका. खालच्या रेलला मात्र ग्रीसचा थर देण्याचा मोह टाळा. कोकणातली तांबडी धूळ त्यात बसते आणि दोन पावसाळ्यांत तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. तिथे पातळ हात फिरवा, तोही अधूनमधून पुसून. दाराच्या तळाच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. बहुतेक दारं खालून सडतात ती बाहेरच्या पावसाने कमी आणि आत साचलेल्या पाण्याने जास्त. दार हलवताना आत डुचमळल्याचा आवाज आला तर भोकं बुजली आहेत. गंज पोखरत गेला असेल तर आतून साफ करून प्रायमर द्या. वरून लांबी थापून घेऊ नका, ती आतल्या ओलीला झाकते आणि पुढच्या वर्षी फुगून निघते.

अक्षरांबद्दल शेवटी सांगतोय, पण करायचं सगळ्यात आधी. काम सुरू करण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात त्यांचे समोरून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. म्हणजे काही झालंच तर पेंटरला आकार तरी मिळेल. मग अक्षरांवर मऊ सुती कापड आणि त्यावर प्लास्टिकचा कागद ठेवा, आणि तो चुंबकांनी धरा. चिकटपट्टी लावू नका, जुना तैलरंग तिच्याबरोबर उठून येतो. तेलाचा ओघळ आला तर चोळू नका, टिपून घ्या. पुढे गाडी रंगवताना पेंटर म्हणेल, त्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारून टाकू, कायमचं राहील. त्याला आधी एखाद्या अक्षराच्या शेपटीवर, कोपऱ्यात, थेंबभर लावून एक दिवस थांबायला सांगा. नव्या रंगातलं थिनर जुन्या रंगाला सुरकुत्या पाडू शकतं. सुरकुती दिसली तर क्लिअरचा विषय सोडा आणि वर्षातून दोनदा हाताने मेण लावा.

आणि रंगावर पैसे घालण्याआधी आरसी बुक काढून बघा. 50 वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची वेगळी तरतूद 2021 मध्ये आली, पण तुमची 1987 ची गाडी त्यात अजून बसत नाही. तिला आरटीओच्या नेहमीच्या पुनर्नोंदणीतूनच जावं लागेल. नोंदणी वडिलांच्याच नावावर असेल तर वारसाच्या नावावर करण्याचं कामही आत्ताच हाती घ्या. तपासणीला गाडी न्याल तेव्हा डावं दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडायला हवं, म्हणून त्या लुळ्या हँडलची क्लिप रोलरबरोबरच मागवून ठेवा.